बेलफास्ट सिंक घ्यावं का? आधी भांडी कशी घासता ते पाहा

तुमचा प्रश्न असा आहे: इंग्लंडमधल्या रेडिंग शहरात १९०० च्या आसपासच्या, लाल विटांच्या टेरेस (म्हणजे एकमेकांना चिकटून ओळीत बांधलेल्या) घरातलं स्वयंपाकघर नव्याने करायचं आहे. तुम्हाला ते खोल, पांढरं, समोरची बाजू उघडी दिसणारं बेलफास्ट सिंक हवं आहे आणि भोवती ओकच्या लाकडाचा ओटा. नवरा म्हणतो स्टीलचं घेऊ. बेलफास्टमध्ये काचेची भांडी फुटतील, हळदीचे डाग पडतील, कुकर आपटला की तडा जाईल. जुन्या सामानाच्या वखारीत एक जुनं सिंक स्वस्तात मिळतं आहे, ते घ्यावं की नवं, हाही प्रश्न आहे. घरात रोज आपलाच स्वयंपाक, वर्षातले सहा महिने सासू-सासरे मुक्कामाला.

घ्या, असंच मी म्हणेन. पण ओकचा ओटा सिंकला टेकवू नका, आणि घरातल्या सांडपाण्याच्या नळीची उंची मोजल्याशिवाय कुठल्याही दुकानात पैसे भरू नका. गेली एकवीस वर्षं मी इंग्लंडात स्वयंपाकघरं बसवतो, त्याआधी सांगलीत वडिलांच्या हाताखाली सुतारकाम केलं. इतक्या वर्षांत बेलफास्ट सिंकच्या जेवढ्या तक्रारी माझ्याकडे आल्या, त्यात सिंकचा स्वतःचा दोष क्वचितच निघाला. दोष निघाला तो खालच्या आधारात, भोवतीच्या लाकडात, किंवा माणसाच्या हाताला असलेल्या सवयीत.

ही शेवटची गोष्ट आधी घेतो, कारण ती दुकानात कुणी सांगत नाही.

इंग्रजी घरात भांडी धुण्याची जुनी रीत म्हणजे बुच लावायचं, गरम पाणी भरायचं, साबण घालायचा आणि त्या साठलेल्या पाण्यात एकेक भांडं बुडवून घासायचं. आधी काचेचे पेले, मग ताटं, शेवटी तेलकट पातेली. खोल सिंक या रीतीसाठी घडलेलं आहे. ते मुळात एक टब आहे. त्यात कपडे भिजत घातले जायचे, चादरी पिळल्या जायच्या, तान्ह्या पोरांना आंघोळ घातली जायची. आपली रीत याच्या बरोबर उलटी. आजी मोरीत पाटावर बसून राखेनं आणि काथ्यानं भांडी घासायची आणि वरून तांब्याने किंवा नळाने वाहतं पाणी सोडायची. खरकट्याच्या साठलेल्या पाण्यात ताट बुडवणं आपल्याला आजही नको वाटतं. मोरी गेली, ओटा आला, सिंक आलं, पण हात अजून वाहत्या पाण्याचेच राहिले.

आता वाहत्या नळाखाली खोल, सपाट तळाच्या सिंकमध्ये काय होतं ते बघा. पाणी दीड-दोन फुटांवरून पडतं, टणक सपाट तळावर आपटतं आणि पोटावर उडतं. त्यात पळी किंवा चमचा पालथा पडलेला असला तर कारंजंच. हा त्रास दोन उपायांनी पुष्कळ कमी होतो. एक, नळाच्या तोंडाला हवा मिसळणारी जाळी हवी आणि तोंड सिंकच्या काठापासून फार उंच नको. हंसाच्या मानेसारखे उंच वळणाचे नळ चित्रात छान दिसतात, पण या सिंकला ते वाईट. दुसरं, तळाशी लाकडी पट्ट्यांची किंवा स्टीलच्या तारांची, रबरी पाय असलेली जाळी कायमची ठेवायची. भांडं दोन-तीन सेंटिमीटर वर राहतं, पाणी आपटत नाही, काच थेट टणक तळावर पडत नाही. जुन्या इंग्रजी घरांतही अशी लाकडी फळी सिंकच्या तळाशी असायचीच. तुमच्या नवऱ्याची काचा फुटण्याची भीती खरी आहे, पण ती भीती जाळी नसलेल्या सिंकची आहे.

शिवाय एक स्टीलचं किंवा प्लॅस्टिकचं घमेलं आत ठेवा. सासूबाई घमेल्यात घासतील, बाहेर वाहत्या पाण्यात विसळतील, आणि एकाच सिंकमध्ये दोन्ही रीती नांदतील.

दुसरी गोष्ट उंचीची. इथला ओटा जमिनीपासून साधारण ९१ सेंटिमीटरवर असतो. ओट्याची जाडी ४ सेंटिमीटर धरली आणि सिंक त्याच्या खाली बसवलं तर सिंकचा काठ ८७ वर येतो. नेहमीचं ६० सेंटिमीटरचं बेलफास्ट बाहेरून २५५ मिलिमीटर खोल असतं, आतून सव्वादोनशेच्या आसपास. म्हणजे आतला तळ जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर. लोकांना वाटतं खोल सिंकचा त्रास बुटक्या माणसाला होतो. माझा अनुभव उलटा आहे. आपल्याकडचे ओटे ८०-८५ सेंटिमीटरचे असतात, त्यामुळे इथल्या ओट्यावर सासूबाईंचे खांदे वर चढतात. सिंकमध्ये मात्र हात खाली, आरामात जातो. कंबर धरते ती उंच माणसाची. तुमचा नवरा सहा फुटांचा आहे असं लिहिलंत, आणि रात्रीची भांडी तोच घासतो असंही लिहिलंत. त्यानं वाकून पंधरा मिनिटं काढायची आहेत. तेव्हा २२० मिलिमीटर खोलीचं सिंक मिळालं तर ते घ्या, आणि जाळी ठेवाच. साडेतीन सेंटिमीटर ऐकायला थोडे वाटतात, पण पाठीला ते रोज कळतात.

आता हे सिंक आहे तरी कशाचं, ते थोडं सांगू द्या, कारण पुढची सगळी काळजी त्यावरून ठरते.

दुकानदार याला ‘सिरॅमिक’ म्हणतात, पण ही चिनीमाती नाही. ही फायरक्ले. ब्रिटनमध्ये दगडी कोळशाच्या थराच्या अगदी खाली एक माती सापडते, जी मोठ्या उष्णतेतही वितळत नाही. भट्ट्यांच्या विटा तिच्याच, सांडपाण्याच्या नळ्या तिच्याच, आणि ही सिंकही तिचीच. कोळसा जिथे निघाला तिथेच हे कारखाने उभे राहिले: लँकाशायर, स्टॅफर्डशायर, दक्षिण डर्बीशायरमधलं स्वॉडलिंकोट. लँकाशायरमधल्या डार्वेन गावात शॉज हा कारखाना १८९७ पासून आहे आणि आजही तिथे ही सिंकं बनतात. जुन्या सिंकच्या अंगावर रॉयल डल्टनचा शिक्का दिसला तर ते वेगळ्या घराण्याचं. लंडनच्या लॅम्बेथमध्ये हेन्री डल्टनने १८४६ मध्ये सांडपाण्याच्या नळ्यांचा कारखाना काढला, शहरं गटारं बांधत होती तेव्हा तो वाढला, आणि त्याच धंद्यातून पुढे न्हाणीघराचं आणि स्वयंपाकघराचं सामान आलं. लॅम्बेथचा कारखाना १९५६ मध्ये बंद झाला.

त्याआधी गरिबाघरी काय होतं? उत्तर इंग्लंडात वालुकाश्माची शिळा उथळ कोरून केलेली कुंडी, तिला स्लॉपस्टोन म्हणत. दगड पाणी पितो, वास धरतो, आणि त्यातलं खरकटं कितीही घासलं तरी पूर्ण निघत नाही. पांढऱ्या, गुळगुळीत काचेच्या लेपाचं सिंक आलं तेव्हा घरातल्या बाईला काय वाटलं असेल याची कल्पना मला मोरीच्या शहाबादी फरशीवरून करता येते.

आता बनवण्याची रीत. माती, पाणी आणि आधीच भाजून दळलेल्या मातीचे खडबडीत कण यांचा घट्ट रबडा प्लॅस्टरच्या साच्यात ओततात. प्लॅस्टर पाणी शोषतं, भिंत जमते. मग सावकाश वाळवणं, वर काचेचा लेप, आणि सुमारे १२०० अंशांना भाजणं. वाळताना आणि भाजताना माती आकसते. प्रत्येक नग थोडा वेगळा आकसतो. म्हणून ही सिंकं विकणारे दोन टक्के इकडेतिकडे चालेल असं लिहून देतात. ६० सेंटिमीटरच्या सिंकला दोन टक्के म्हणजे १२ मिलिमीटर. सुतारासाठी १२ मिलिमीटर म्हणजे फार झालं.

हे मी शिकलो ते नुकसान करून. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका घरी छापील पुस्तकातलं माप धरून ग्रॅनाइट कापायला दिला. सिंक आलं ते एका बाजूने ९ मिलिमीटर कमी, आणि समोरचा काठ मध्ये किंचित पोक काढलेला. दगड परत जोडता येत नाही. तो तुकडा माझ्या खिशातून पुन्हा आणावा लागला. त्या दिवसापासून माझा नियम एकच: सिंक घरात यायचं, जागेवर बसायचं, पाणसळीत यायचं, आणि मगच ओट्याचं माप घ्यायचं. तुमचा कंत्राटदार ‘आधी ओटा बसवून घेऊ, सिंक नंतर सरकवू’ म्हणाला तर त्याला थांबवा.

एक गंमत सांगतो. हे सिंक आपल्यातल्या बहुतेकांनी लहानपणीच पाहिलेलं आहे. शाळा-कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती पांढरी, जाड काठाची, खोल कुंडी असायची ना, ॲसिड ओतलं तरी काही न होणारी? तीच ही जात. भारतीय मानक आयएस ७७१ चा दुसरा भाग फायरक्लेच्या स्वयंपाकघरातल्या आणि प्रयोगशाळेतल्या सिंकबद्दलच आहे, दोन्हींना एकच. इथे ब्रिटनमध्ये त्याच कामाचं ब्रिटिश मानक बीएस १२०६. म्हणजे हळदीला हे सिंक घाबरत नाही.

मग डाग पडतात ते कुठे? लेप शाबूत असेल तर हळद वर बसते आणि निघते. लेपाला केसासारख्या बारीक चिरा गेल्या असतील तर रंग त्या चिरांत उतरतो आणि आतल्या मातीला लागतो. आतली माती सच्छिद्र आहे, ती सोडत नाही. या चिरा दोन कारणांनी पडतात. जुन्या सिंकमध्ये माती वर्षानुवर्षं ओल घेऊन जराशी फुगते आणि वरचा काचेचा लेप ताणला जातो. नव्या सिंकमध्ये कारण बहुधा आपण स्वतः: थंडगार सिंकमध्ये पास्त्याचं किंवा बटाट्याचं उकळतं पाणी एकदम ओतणं, किंवा गॅसवरून उतरवलेला कुकर वाफ जिरवायला थेट तळावर ठेवून नळ सोडणं. दुसरी सवय खास आपली. जानेवारीत इथल्या स्वयंपाकघरात सकाळी सिंक हाताला बर्फासारखं लागतं. तेव्हा उकळतं पाणी ओतताना बाजूने थंड नळ चालू ठेवायचा, आणि कुकर जाळीवर ठेवायचा.

हळदीबद्दल आणखी एक. डागावर सोडा किंवा साबण लावला की पिवळ्याचं लालसर होतं आणि लोक घाबरतात. घाबरू नका. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तेच हे. अल्कलीत हळद लाल होते. पाण्यानं धुतलं की जातं. उरलाच हलका पिवळेपणा, तर उन्हात तो आपोआप उडतो. इथली जुनी सिंकं बहुतेक खिडकीखालीच असतात, उजेडात हात दिसावेत म्हणून, त्याचा हा फायदा. तुमच्या नकाशात सिंक भिंतीकडे वळवलेलं दिसलं. नळीचा मार्ग जमत असेल तर ते खिडकीखालीच ठेवा.

काळ्या-करड्या रेघा दिसतील, पातेली सरकवल्यावर. त्या ओरखडे नाहीत. लेप धातूपेक्षा कठीण असतो, त्यामुळे पातेल्याचाच धातू त्यावर घासून राहतो, पाटीवर पेन्सिल उमटावी तसा. ऑक्झॅलिक ॲसिड असलेली पावडर ओल्या फडक्याने फिरवली की मिनिटात साफ. तारेची घासणी मात्र कधीच नको. ती लेपाची चकाकी नेते आणि मग तिथे सगळंच चिकटतं. रेडिंगचं पाणी जड आहे, चुनखडीतून येतं, त्यामुळे नळाखाली पांढरट थर जमेल. त्याला पातळ व्हिनेगर किंवा लिंबू, पाच मिनिटं, आणि मग भरपूर पाणी. हे करताना ब्लीच जवळपास आणू नका. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की विषारी वायू निघतो.

वरवंटा, खलबत्त्याची मुसळी, बिडाचा तवा हातातून सुटला तर टवका उडेल. यात खोटं बोलण्यासारखं काही नाही. टवका उडाला तर त्याच आठवड्यात इपॉक्सीच्या पांढऱ्या भरणीने बुजवा, म्हणजे आतली माती पाणी पिणार नाही.

आता आधार. ६० सेंटिमीटरचं सिंक रिकामं ४० ते ५० किलो भरतं. जवळजवळ काठापर्यंत पाणी भरलं तर आणखी ४० लिटर, म्हणजे ४० किलो. वर भांडी. शंभर किलोचा हिशोब धरा, आणि तो भार कायमचा. पूर्वी ही सिंकं विटांच्या दोन बुटक्या खांबांवर किंवा भिंतीत गाडलेल्या बिडाच्या ब्रॅकेटवर बसत. आज ती १८ मिलिमीटरच्या भुशाच्या फळीच्या कपाटावर बसवली जातात, आणि तीही कपाटाच्या बाजूंना नुसत्या स्क्रूने जोडलेल्या पट्ट्यांवर. वर्ष-दोन वर्षांत एक कोपरा दोन मिलिमीटर खचतो. दोनच मिलिमीटर, पण तेवढ्याने ओटा आणि सिंक यांच्यामधली फट बुजवणारा सिलिकॉन फाटतो, पाणी आत उतरतं, भुशाची फळी फुगते, आणि मग खचणं थांबत नाही. मला बोलावलं जातं तेव्हा कपाटाचा तळ बिस्किटासारखा तुटत असतो.

म्हणून भार कपाटाच्या जोडांवर नाही, सरळ जमिनीवर उतरला पाहिजे. मी कपाटाच्या आत दोन्ही बाजूंना प्लायवूडची उभी फळी लावतो, ती जमिनीपर्यंत, आणि वर पूर्ण रुंदीची प्लायची बैठक. तुमच्या घरात मागचा भाग म्हणजे पूर्वीची स्कलरी असावी, जिथे धुण्याभांड्याचं काम चालायचं. तिथली जमीन बऱ्याचदा भरीव असते, ते उत्तम. ती लाकडी तुळयांवरची पोकळ जमीन निघाली तर तुळया कुठे आहेत आणि ओल लागली आहे का हे फळी उचलून बघून घ्या.

सिंक बसवताना तळाला चारी कोपऱ्यांत पाचरी लागतात, कारण भाजलेल्या मातीचा तळ क्वचितच तंतोतंत सपाट असतो. पाणसळ काठावर लावा, तळावर नाही. उताराची चिंता करू नका, तो सिंकच्या आतच घडवलेला असतो.

आता तुमचा ओक. सगळ्यात जास्त रडणं याच जागेवर ऐकलं आहे.

लाकूड आणि पाणी यांचं भांडण ओट्याच्या कापलेल्या कडेला होतं. सिंकसाठी ओटा कापला की रेषांची टोकं उघडी पडतात, आणि लाकूड तिथून स्ट्रॉसारखं पाणी ओढतं. ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर. ओला लोखंडी तवा रात्रभर त्यावर राहिला की सकाळी काळं वर्तुळ तयार. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची शाई करत, तोच संयोग: टॅनिन आणि लोह. ती शाई लाकडात उमटते आणि घासून जात नाही. ज्या घरात रोज तवा, परात, कुकर, आणि वाहत्या पाण्याचे शिंतोडे, तिथे सिंकच्या दोन्ही बाजूंना ओक चार-पाच वर्षांत काळा पडलेला मी इतक्यांदा पाहिला आहे की तो लावायला आता मी नाही म्हणतो.

माझा सल्ला: सिंकच्या मागे आणि दोन्ही बाजूंना ग्रॅनाइट, आणि उरलेल्या ओट्याला, जिथे तुम्ही पोळ्या लाटाल, भाजी चिराल, तिथे हौसेने ओक. दोन्हींचा मेळ छान दिसतो. लाकडाचाच हट्ट असेल तर इरोको किंवा सागवान बघा, त्यांच्या अंगात तेल असतं. तेही बसवण्याआधी वरून, खालून आणि विशेषतः कापलेल्या टोकांना तेलाचे तीन हात द्यायचे, आणि पुढे वर्षातून दोनदा. खालची बाजू कुणी तेलवत नाही, आणि पाणी तिथेच लागतं.

ओटा दगडाचा असो की लाकडाचा, तो सिंकच्या आतल्या बाजूला १० ते १५ मिलिमीटर पुढे आलेला हवा, आणि त्याच्या खालच्या अंगाला काठापासून थोडी आत एक बारीक खाच हवी. आपल्याकडे छज्जाच्या खाली गवंडी अशीच खाच ठेवतो, पाऊस भिंतीकडे न सरकता तिथूनच गळावा म्हणून. इथेही तेच. खाच नसेल तर पाणी ओट्याच्या पोटाशी धरून मागे मागे सरकतं आणि सिलिकॉनवर जाऊन बसतं. मग तिथे काळी बुरशी येते आणि लोक सिंकला नावं ठेवतात. दगड असेल तर सिलिकॉन न्यूट्रल जातीचा घ्या, व्हिनेगरसारखा वास येणारा नको. आणि सिंकचं पुढचं तोंड कपाटाच्या दारांपेक्षा थोडं बाहेर राहू द्या, म्हणजे ओघळ दाराच्या रंगावरून जाणार नाहीत.

नळ. या सिंकला नळाचं भोक नसतं. नळ ओट्यातून किंवा भिंतीतून येतो, आणि त्याचं तोंड सिंकच्या जाड काठाच्या पलीकडे, तळातल्या पाणी जाण्याच्या भोकाच्या जवळपास पोचलं पाहिजे. मागच्या काठावर पाणी पडणारे नळ मी बदलून दिले आहेत. जुन्या चित्रांत असतात तसे गरम-थंडचे दोन वेगळे नळ तुम्हाला आवडले असतील. ते पूर्वी वेगळे असत कारण गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून यायचं आणि ते मुख्य वाहिनीच्या पिण्याच्या पाण्यात मिसळू द्यायचं नव्हतं. बुच लावून टबात पाणी भरणाऱ्याला ते चालायचं, दोन्ही टबात मिसळत. तुम्ही वाहत्या पाण्यात भांडी विसळणार. एका हाताला चटका आणि दुसऱ्याला गारठा नको. एकत्र नळ घ्या.

आता सांडपाणी, जिथे काम अडतं. तुमच्या सध्याच्या सिंकची खोली १५-१६ सेंटिमीटर असेल आणि नळी त्या मापाने भिंतीतून बाहेर नेलेली असेल. बेलफास्टचा तळ बराच खाली येतो. बाहेरचा तळ साधारण ६१ सेंटिमीटरवर, त्याखाली भोकातल्या जाळीचा भाग, त्याखाली ट्रॅप, म्हणजे गटाराचा वास अडवायला पाणी धरून ठेवणारी वाकडी नळी. भिंतीतलं भोक याहून वर असेल तर पाणी चढणार नाही. भोक नव्याने खाली पाडावं लागेल. विटांच्या भिंतीत हे अवघड नाही, पण टाइल लावून झाल्यावर कळलं तर रडू येतं. नळी ४० मिलिमीटरची, ट्रॅपमध्ये ७५ मिलिमीटर पाणी उभं राहणारा, नळीची लांबी तीन मीटरच्या आत आणि उतार मीटरला १८ ते ९० मिलिमीटर. इंग्लंडच्या बांधकाम नियमांचा एच भाग हेच सांगतो.

आणि नाव घेताना एक फरक लक्षात ठेवा. मूळचा भेद असा की बेलफास्ट म्हणजे वरच्या काठाजवळ जादा पाणी वाहून जायला खिडकी असलेलं, आणि बटलर किंवा लंडन म्हणजे ती नसलेलं. बेलफास्टला पाणी मुबलक म्हणून खिडकी, लंडनला टंचाई म्हणून पाणी वाया जायला नको, अशी गोष्ट सांगितली जाते. आज दुकानात दोन्ही नावं सरसकट वापरतात, म्हणून नाव वाचू नका, आत वाकून बघा. खिडकी असेल तर तिचं पाणी सिंकच्या भिंतीतल्या पोकळीतून खाली तळातल्या भोकाच्या बाजूला उतरतं, त्यामुळे भोकात बसणाऱ्या जाळीच्या नळकांड्याला बाजूने खाचा असलेलाच सांधा लागतो. खाचा नसलेला बसवला तर ते पाणी कोंडतं, वास मारतं, आणि एके दिवशी कपाटात टपकतं. माझ्याकडे आलेल्या ‘सिंक गळतं’ या तक्रारींमध्ये हे कारण कितीतरी वेळा निघालं. ही पोकळी आतून घासता येत नाही, म्हणून महिन्यातून एकदा खिडकीतून गरम पाणी आणि सोडा सोडायचा.

तुमच्या घरासाठी मी खिडकी नसलेलं सिंक सुचवेन. टब भरून ठेवायची सवय नसेल तर तिचा उपयोग कमी आणि निगा जास्त. फक्त बुच लावून नळ चालू ठेवून दार उघडायला जायचं नाही, एवढं घरच्यांना सांगा. नव्या सिंकला ९० मिलिमीटरचं भोक असतं, त्यात टोपलीसारखी जाळी बसते; भाताची शितं, कढीपत्ता, खोबऱ्याचा चोथा तिथे अडतो. तुम्हाला ती हवीच. तेल आणि तूप मात्र आधी कागदाने पुसून कचऱ्यात. थंडीत ते नळीत गोठतं.

जुन्या सिंकचं भोक लहान असतं आणि तळ जाड, त्यामुळे टोपलीची जाळी बसत नाही, लांब आट्यांचा सांधा शोधावा लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांनी ही सिंकं काढून स्टीलची बसवली, आणि काढलेली परसात नेऊन त्यात डोंगरी फुलझाडं लावली. काहींनी वरून सिमेंट, वाळू आणि पीट (दलदलीतली कुजलेल्या वनस्पतींची माती) यांचा लेप देऊन त्यांना दगडी कुंडीचं रूप दिलं. वखारीत येतात त्यातली पुष्कळ अशी बागेतून आलेली असतात. हिवाळ्यात आत भरलेलं पाणी गोठून मातीला आतल्या आत तडा गेलेला असू शकतो, जो डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून शनिवारी वखारीतलं ते जुनं सिंक बघायला जाल तेव्हा एक लाकडी चमचा, एक सरळ पट्टी आणि टॉर्च घेऊन जा. सिंक दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवायला सांगा, जमिनीवर असताना आवाज दबतो. मग मडकं वाजवून घेतो तसं चारी बाजूंनी वाजवा. खणखणीत आवाज आला तर अंग शाबूत; कुठेही बद्द आवाज आला तर तिथे तडा आहे, ते सोडून द्या. टॉर्च तिरका धरून तळ बघा. चिरांचं जाळं दिसलं तर हळद त्यात उतरणार. पट्टी काठावर आडवी, तिरपी ठेवून खालून उजेड किती दिसतो ते बघा. आणि आत नवा चकचकीत पांढरा रंग दिला असेल तर ते अजिबात घेऊ नका. तो भाजलेला लेप नसतो, नुसता थर असतो, आणि कुकरच्या बुडाने वर्षभरात सुटतो.

त्याआधी शुक्रवारी रात्री मात्र सध्याच्या सिंकखालचं दार उघडा आणि जमिनीपासून नळीच्या भिंतीतल्या भोकाच्या मध्यापर्यंत टेपने मोजा. ४५ सेंटिमीटरच्या वर निघालं तर आधी प्लंबरला बोलवा.